फ्रायलासिंगच्या आधी पासपोर्ट हातात ठेवा

साल्झबुर्गहून म्युनिककडे निघालेली लोकल गाडी एक लहानशी नदी ओलांडते आणि काही मिनिटांत फ्रायलासिंगला थांबते. नदीच्या अलीकडे ऑस्ट्रिया, पलीकडे जर्मनी. पाटी दिसेपर्यंत देश बदलल्याचं कळतही नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्याच गाडीत होतो. सासू-सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. दिवसभर किल्ला आणि मोत्झार्टचं घर बघून झालं होतं, सासूबाई डब्यातल्या उरलेल्या धपाट्यांचा हिशेब करत होत्या. फ्रायलासिंगला दोन पोलीस डब्यात चढले आणि सरळ आमच्यासमोर येऊन उभे राहिले. ‘पासपोर्ट, बिट्टे.’

सासऱ्यांनी मोठ्या विश्वासानं खिशातून आधार कार्ड काढून दिलं.

पासपोर्ट म्युनिकला, आमच्या कपाटात होते. ‘प्रवासात हरवायला नकोत’ म्हणून मीच ते आदल्या रात्री आत ठेवले होते. पुढचा पाऊण तास फलाटाशेजारच्या खोलीत गेला. बोटांचे ठसे घेतले, संगणकात दोघांचे व्हिसा सापडले, आणि सौम्य पण स्पष्ट शब्दांत समज देऊन आम्हाला सोडलं. चूक सर्वस्वी माझी होती. बारा वर्षं या देशात राहून मला वाटत होतं की साल्झबुर्गला जाणं म्हणजे ठाण्याहून दादरला जाणं.

तसं वाटायला कारणंही आहेत. ‘डॉइचलांडटिकेट’ हा महिन्याचा पास साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतो. केलहून श्ट्रासबुर्गला चक्क ट्राम जाते. दूध आणायला निघालेला माणूस चुकून फ्रान्सला पोचू शकतो. बाझेलचं ‘बाडिशर बानहोफ’ हे स्टेशन जर्मन रेल्वेचं आहे, पण उभं आहे स्वित्झर्लंडच्या जमिनीवर. जर्मनीला नऊ शेजारी आहेत: डेन्मार्क, पोलंड, चेकिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, बेल्जियम आणि नेदरलँड्स. हे नऊच्या नऊ देश शेंगेन व्यवस्थेत आहेत. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी मोझेल नदीतल्या एका बोटीवर करार केला. जवळच लक्झेंबर्गमधलं शेंगेन नावाचं गाव होतं, त्याचंच नाव करारालाही पडलं. आज त्यात २९ देश आहेत.

पण शेंगेनचा अर्थ आपण सोयीस्कर लावतो. सीमेवरची नेहमीची तपासणी उठली, कागद बाळगण्याची जबाबदारी उठलेली नाही. शिवाय देशांना तात्पुरती तपासणी परत सुरू करता येते. ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनी २०१५च्या सप्टेंबरपासून ती करतोच आहे, आणि १६ सप्टेंबर २०२४पासून ती सगळ्याच भूसीमांवर सुरू झाली. मग ‘तात्पुरती’ हा शब्द तसाच राहिला आणि मुदत वाढत गेली. जुलै २०२५मध्ये पोलंडनंही आपल्या बाजूनं तपासणी सुरू केली. या तपासणीमुळे नवा व्हिसा लागत नाही की नवा नियम आलेला नाही. जे कागद कायद्यानं आधीही जवळ असायलाच हवे होते, ते आता खरोखर मागितले जातात, एवढंच.

तर हे कागद कोणते?

तुम्ही जर्मनीत नोकरी, शिक्षण किंवा कुटुंबासाठी राहत असाल आणि तुमच्याकडे इथलं प्लास्टिकचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड असेल, मग ते ब्लू कार्ड असो, विद्यार्थ्याचं असो की कायमचं, तर शेजारच्या देशात जायला वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र सोबत दोन गोष्टी हव्यात: ते कार्ड आणि वैध भारतीय पासपोर्ट. नुसतं कार्ड पुरत नाही, आणि आपल्या लोकांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. कार्ड पाकिटात असतं, पासपोर्ट घरी असतो, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो असतो. फोटो दाखवून एखाद्या पोलिसाचं मन वळेलही, पण तो पासपोर्ट नव्हे. दंड होऊ शकतो. कार्डाबरोबर मिळालेला हिरवट घडीचा कागद, ‘झुझात्सब्लाट’, असेल तर तोही घ्या. कोणतं काम करण्याची मुभा आहे वगैरे अटी त्यावर छापलेल्या असतात. मधल्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल आणि कार्ड जुन्या पासपोर्टच्या काळातलं असेल, तर जुना, रद्दचा शिक्का असलेला पासपोर्टही सोबत ठेवा.

या कार्डावर दुसऱ्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जर्मनीत घालवलेले दिवस यात धरत नाहीत, पण बाकीचे सगळे देश मिळून ९० धरतात. वीकेंडला प्रागला, नाताळात व्हिएन्नाला जाणाऱ्याला ही मर्यादा कधी जाणवणार नाही. जाणवेल ती प्रेयसी ॲमस्टरडॅमला आणि नोकरी डसेलडॉर्फला असलेल्यांना. आणि फिरायला जाण्याची मुभा म्हणजे तिथे काम करण्याची मुभा नव्हे.

नव्यानं आलेले विद्यार्थी नेहमी विचारतात की कार्ड अजून आलं नाही, पासपोर्टवर फक्त राष्ट्रीय व्हिसा आहे, ‘डी’ लिहिलेला, तर पॅरिसला जाता येईल का? येईल. २०१०पासून डी व्हिसावरही त्याच ९० दिवसांच्या नियमानं शेजारी देशांत फिरता येतं. फक्त व्हिसाची मुदत संपायच्या आत परत या.

खरी पंचाईत होते ती कार्डाची मुदत संपलेली असते आणि नवं मिळालेलं नसतं तेव्हा. अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून परदेशी नागरिकांचं कार्यालय एक घडीचा कागद देतं. त्याचं नाव ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’. हे नाव एका दमात म्हणता यायला लागलं की आपण इथले झालो, असं आमच्या मंडळात गमतीनं म्हणतात. या कागदाच्या आत तीन चौकोन असतात आणि सगळं भवितव्य कोणत्या चौकोनावर फुली आहे यावर ठरतं. परदेशी नागरिकांच्या वास्तव्याच्या कायद्यातल्या ८१व्या कलमाच्या चौथ्या उपकलमाचा, म्हणजे तिसरा चौकोन भरलेला असेल, तर तुमचा जुना परवाना चालू आहे असं मानतात आणि मुदत संपलेलं कार्ड, हा कागद आणि पासपोर्ट अशा तिन्हींवर प्रवास करून परत येता येतं. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकोनावर फुली असेल, तर केवळ त्या कागदाच्या जोरावर परत प्रवेश मिळत नाही. म्हणजे बाहेर पडलात की अडकलात. तिसरा चौकोन असूनही मी तरी या काळात दूरचा बेत आखणार नाही. हा कागद बाहेरच्या विमानतळावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्यानं पाहिलेला असेलच असं नाही, आणि रात्री अकरा वाजता त्याला जर्मन कलम समजावून सांगायची हौस कुणाला असते! जुनं कार्ड मात्र फेकू नका.

आता आई-बाबांकडे वळते, कारण मला येणाऱ्या फोनांपैकी बहुतेक त्यांच्यासाठीच असतात. ते येतात ‘सी’ प्रकारच्या, म्हणजे थोड्या दिवसांच्या शेंगेन व्हिसावर. हा चिकटपट्टीसारखा व्हिसा पासपोर्टवर लागतो आणि बरेच जण त्यावरची फक्त शेवटची तारीख बघतात. पासपोर्ट हातात घ्या आणि व्हिसा सावकाश वाचा. सगळ्यात वर तो कुठे चालतो ते लिहिलेलं असतं. तिथे ‘शेंगेनर श्टाटेन’ हवं. एखाद्याच देशाचं नाव असेल, तर तो तेवढ्याच देशापुरता व्हिसा आहे, साल्झबुर्ग विसरा. मग दोन तारखा असतात, या दिवसापासून त्या दिवसापर्यंत. त्याखाली किती वेळा प्रवेश करता येईल ते असतं: ०१, ०२ किंवा ‘मुल्ट’. आणि शेजारी दिवसांचा आकडा. तारखांमधलं अंतर आणि हा आकडा एक नसतात. व्हिसा १ मे ते १४ जुलै असा ७५ दिवसांचा दिसतो, पण शेजारी ६० लिहिलेलं असतं. मग राहायचं साठच दिवस. वरचे पंधरा दिवस विमानाची तारीख मागेपुढे झाली तर सोय म्हणून दिलेले असतात. उतरण्याचा आणि परतण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

एका प्रवेशाचा व्हिसा असेल तरी म्युनिकहून साल्झबुर्ग, झुरिक, प्राग कितीही वेळा करा. शेंगेनच्या आतल्या आत फिरणं म्हणजे नवा प्रवेश नव्हे. पण मुलगा हौसेनं मध्येच चार दिवस लंडन दाखवायला घेऊन गेला, तर परतताना दुसरा प्रवेश होतो आणि तो त्या व्हिसावर नसतो. लंडनचं तिकीट, हॉटेल, ब्रिटनचा वेगळा व्हिसा, सगळं हाती असताना आई-बाबांना तिथूनच मुंबईला पाठवायची वेळ येते.

ज्यांच्याकडे अनेक प्रवेशांचा, काही वर्षांचा व्हिसा आहे, त्यांच्यासाठी ९०-१८०चं गणित महत्त्वाचं. १८० दिवसांचा तुकडा जानेवारी ते जून असा पंचांगातला नसतो, तो रोज एक दिवस पुढे सरकतो. आजच्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे, आणि त्यात शेंगेनमधले दिवस ९०च्या वर जाता कामा नयेत. समजा बाबा १ एप्रिलला फ्रँकफुर्टला उतरले आणि २९ जूनला परत गेले. तीस, एकतीस आणि एकोणतीस, बरोबर ९०. आता ते पुन्हा पाऊल ठेवू शकतात ते २८ सप्टेंबरला. त्याच्या आदल्या दिवशी उतरले तरी हिशेब ९१ होतो. म्हणजे पूर्ण ९० दिवस राहून जाताना ‘गणपतीला येतोच परत’ असं ते म्हणाले, तर विमानतळावरच त्यांना सांगा की गणपती कोणत्याही वर्षी २८ सप्टेंबरच्या आधीच येतो. नातवाच्या वाढदिवसासाठी आठ दिवस मागे राखून ठेवायचे असतील, तर उन्हाळ्यातला मुक्काम तेवढा आखूड करावा लागतो.

पूर्वी हे दिवस शिक्क्यांवरून मोजायचे आणि पुसट शिक्का कधीकधी वाचवायचाही. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपनं नोंदणीची नवी यंत्रणा टप्प्याटप्प्यानं आणली आहे. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचा चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन आत-बाहेरची नोंद संगणकातच होते. एक दिवस जास्त राहिलं तरी ते दिसतं, आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जात त्याचं उत्तर द्यावं लागतं. वयस्कर मंडळींना रांगेत वेळ लागतो, तेव्हा पुढचं विमान घाईचं ठेवू नका. ज्यांच्याकडे इथल्या राहण्याचा परवाना आहे त्यांना ही नोंदणी लागू नाही. म्हणून खिडकीशी पासपोर्ट देतानाच त्यासोबत कार्डही पुढे करा, नाहीतर तुमचीही पाहुण्यात गणना व्हायची.

एक पळवाट आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. जर्मनीची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून ज्या देशाची लवकर मिळेल त्याचा व्हिसा काढायचा आणि दोन महिने राहायचं मुलीकडे श्टुटगार्टला. नियम असा की मुख्य मुक्काम ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. उतरल्यावर अधिकारी विचारतो, ‘कुठे राहणार?’ आणि आजी निरागसपणे खरं सांगून टाकतात. मला हा जुगार पटत नाही. त्यापेक्षा २०२४च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी आलेली सवलत लक्षात ठेवा. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमानं वापरले असतील, तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. सरळ चालीचा फायदा इथे मोजून मिळतो.

मुलांच्या बाबतीत आई-वडील हमखास गाफील असतात. जर्मनीत जन्मलं म्हणजे बाळ जर्मन झालं, असं नाही. आई किंवा वडील पाच वर्षं कायदेशीरपणे इथे राहिलेले असतील आणि कायमच्या वास्तव्याचा हक्क त्यांच्याकडे असेल, तर बाळाला जन्मानं जर्मन नागरिकत्व मिळतं. २७ जून २०२४च्या आधी ही अट आठ वर्षांची होती. बाकीच्यांना भारतीय दूतावासातून बाळाचा पासपोर्ट काढून मग इथला परवाना घ्यावा लागतो, आणि तोपर्यंत सहा आठवड्यांच्या बाळालाही इन्सब्रुक दाखवायला नेऊ नका. मूल जर्मन असेल तर त्यालाही स्वतःचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागतो. लहानांसाठीचा जुना, झटपट मिळणारा ‘किंडरराइझेपास’ १ जानेवारी २०२४पासून बंद झाला. आणि आई किंवा बाबा एकटेच मुलाला घेऊन निघणार असतील, तर दुसऱ्याची सही असलेलं संमतिपत्र, जर्मन किंवा इंग्रजीत, त्याच्या पासपोर्टच्या प्रतीसह सोबत ठेवा. विचारतीलच असं नाही. विचारलं तर मात्र दुसरं काही चालत नाही.

स्वित्झर्लंडला वेगळा परिच्छेद द्यायलाच हवा, कारण तो शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, आणि हा फरक पासपोर्टावर नव्हे, खिशावर जाणवतो. बोडेन सरोवराकाठी कोन्स्टांत्स आणि क्रॉइत्सलिंगेन या दोन गावांमधलं कुंपण काढून तिथे शिल्पं उभी केली आहेत. तिथून तुम्ही गप्पा मारत पलीकडे जाता. पण जकातीची रेघ तिथे अजून आहे. १ जानेवारी २०२५पासून माणशी १५० फ्रँकपर्यंतचाच माल करमुक्त नेता येतो, आधी ही मर्यादा ३०० होती. मांस आणि लोणी प्रत्येकी माणशी एक किलो. झुरिकच्या मैत्रिणीला पाच किलो घरचं लोणी न्यायचं असेल, तर चार जणांनी मिळून गेलात तरी एक किलोवर जकात द्यावी लागेल. फोनचं रोमिंग तपासा. युरोपीय संघातलं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नसतं आणि सरोवरावर नुसता नकाशा उघडल्याचं बिल रेस्टॉरंटच्या जेवणाइतकं येऊ शकतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट विम्याची. तुमच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू युरोपभर चालते असं सगळे सांगतात. पण भारतीय नागरिकांना ती डेन्मार्क, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन, नॉर्वे आणि आइसलँडमध्ये वापरता येत नाही. डेन्मार्क सोडला, तर पाय घसरण्याची शक्यता नेमकी जास्त ती या डोंगराळ आणि बर्फाळ देशांतच. तिथे जाताना वेगळा प्रवासविमा काढा. आई-बाबांच्या व्हिसासाठी काढलेला निदान ३० हजार युरोंचा विमा मात्र सगळ्या शेंगेन देशांत चालणाराच असतो.

ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. इथलं कार्ड कितीही रंगीत असलं तरी भारतीय पासपोर्टधारकाला तिथला व्हिसा लागतो, दोन्हींचे नियमही वेगवेगळे. गाडीनं जाणाऱ्यांनी ऑस्ट्रिया, चेकिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी टोलचं ‘विन्येट’ आधीच घ्यावं. भारतीय लायसन्सवर चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी ते इथे चालत नाही.

पासपोर्ट शेजारच्या देशात हरवलाच, तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार नोंदवून त्याची प्रत घ्या आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. दूतावास तातडीचा म्हणून जो दाखला देतो, तो फक्त भारतात परतण्यासाठीचा असतो. त्यावर म्युनिकला येता येत नाही, तेव्हा घाईत तो मागू नका. नवा पासपोर्टच हवा आहे असं स्पष्ट सांगा.

आमच्या घरात आता दाराच्या मागे खुंटीला एक निळी पिशवी असते. सासरे आले की त्यांचा पासपोर्ट कपाटात नाही, त्या पिशवीत राहतो. तुम्ही सुट्टीची तिकिटं काढायच्या आधी आज रात्रीच घरातल्या प्रत्येकाच्या कार्डावरची आणि पासपोर्टवरची शेवटची तारीख बघून घ्या. तिकीट पाच मिनिटांत मिळतं, नव्या कार्डाची अपॉइंटमेंट मिळायला कित्येक आठवडे जातात.